थर्माकोलचं मोहेंजोदडो

शाळेच्या प्रदर्शनात इतिहासाचं टेबल बहुधा कोपऱ्यात असतं. विज्ञानाचा ज्वालामुखी फसफसत असतो, गर्दी तिकडे. इकडे सोनेरी रंग मारलेले तीन पिरॅमिड, निळ्या जिलेटिन कागदाची नाईल आणि थर्माकोलमध्ये कापलेलं मोहेंजोदडोचं महास्नानगृह. कडा इतक्या सफाईदार, की सहावीतल्या मुलाचा हात यात नेमका कुठे लागला असेल, हाच संशोधनाचा विषय व्हावा. २०१८च्या बंदीनंतर थर्माकोलच्या जागी बऱ्याच ठिकाणी पुठ्ठा आला, पण रीत तीच राहिली. स्टेशनरीच्या दुकानात छापील चित्रं मिळतात, माहिती इंटरनेटवरून उतरवली जाते आणि परीक्षक टेबलाशी आले की मूल पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकतं.

त्या मुलाला एकच विचारून बघावं : या टाकीत पाणी कुठून यायचं, आणि वापरून झालं की कुठे जायचं?

मोहेंजोदडोतली खरी टाकी सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल. विटा घट्ट बसवलेल्या, वर जिप्समचा गिलावा, पाणी झिरपू नये म्हणून भिंतीत डांबराचा थर. शेजारच्या एका खोलीत विहीर. पाणी काढून टाकायला विटा पुढे पुढे सरकवत वर मिटवलेलं गटार. यातलं काहीही थर्माकोलमध्ये उमटत नाही, कारण त्या टाकीत कुणाला पाणी भरायचंच नसतं. त्याच मुलाला शाडूची वीतभर टाकी करायला सांगा आणि तिच्यात तांब्याभर पाणी तासभर टिकवून दाखव म्हणा. पहिली टाकी विरघळते. मग कुणी तेल लावतं, कुणी मेणबत्तीचं मेण ओततं, कुणी माती भाजून आणतं. डांबर कशासाठी हे त्यानंतर शिकवावं लागत नाही. प्रदर्शनात मात्र ही टाकी मांडण्याजोगी दिसत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. आपले बहुतेक प्रकल्प मांडण्यासाठी असतात.

प्राचीन संस्कृती शिकवायच्या दोन तऱ्हा जगभर दिसतात. एकीत मूल ‘त्यांच्याकडे काय काय होतं’ याची यादी करतं : नगररचना, सांडपाण्याची व्यवस्था, मुद्रा, खेळणी. दुसरीत ते ‘हे आपल्याला कशावरून कळलं’ असं विचारतं. पहिली सोपी आणि देखणी, दुसरीत पसारा फार. पण अभ्यासक्रमात करण्यासारखं जे काही झालं, ते दुसरीच्या वाटेने झालं.

इंग्लंडमध्ये १९७२ साली ‘स्कूल्स कौन्सिल हिस्टरी प्रोजेक्ट’ सुरू झाला. त्यात ‘इतिहास म्हणजे काय’ या पहिल्या घटकाची सुरुवात राजाराणीपासून नव्हती. मार्क पुलन नावाच्या एका काल्पनिक मृत तरुणाच्या पाकिटातल्या चिठ्ठ्याचपाट्या मुलांपुढे ठेवायच्या आणि त्यावरून तो कोण, कुठून आला, त्याचं काय झालं हे त्यांनी जुळवायचं. पुढची पायरी डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेल्या टोलुंड मानवाची. गळ्यात फास, चेहरा शांत, पोटात शेवटच्या जेवणातले दाणे. फाशी होती की बळी, हे मुलांनी पुराव्यानिशी भांडून ठरवायचं.

अमेरिकेत त्याच सुमारास ‘डिग’ नावाचा वर्गखेळ निघाला. वर्गाचे दोन गट करायचे. प्रत्येक गटाने आपली एक संस्कृती रचायची : देव, नाणी, लिपी, भांडणं मिटवायची रीत. तिच्या वस्तू बनवायच्या, त्यातल्या काही फोडायच्या आणि जमिनीत पुरायच्या. मग दुसऱ्या गटाने त्या खणून काढून अर्थ लावायचा. मजा शेवटी येते. ज्यांनी पुरलं ते समोर बसून ऐकतात आणि त्यांच्या खेळातल्या सोंगट्या देव्हाऱ्यात बसलेल्या पाहून हसून लोळतात. डेव्हिड मॅकॉले या चित्रकार-लेखकाने १९७९ साली ‘मोटेल ऑफ द मिस्टरीज’ या पुस्तकात हीच गंमत ताणली आहे. दोन हजार वर्षांनंतरचा एक उत्खननकार अमेरिकेतलं एक मोटेल उकरतो आणि संडासाच्या बैठकीला पवित्र पूजावस्तू ठरवतो. कोणत्याही भाषेतल्या सातवीच्या वर्गात हे पुस्तक चालेल.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. १९८२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने सामाजिक अध्ययनाची पुस्तकं करताना मुलांना प्रश्नांशी झटायला लावलं होतं. आपल्या बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात हडप्पा संस्कृतीच्या आधी ‘इतिहासाची साधने’ हा धडा येतो. क्रम अगदी योग्य. फक्त तो धडा एका तासात ‘भौतिक, लिखित, मौखिक’ अशी विभागणी फळ्यावर काढून उरकला जातो.

तो उरकू नये म्हणून सर्वांत स्वस्त साधन वर्गातच असतं : केराची टोपली. दिवसअखेर ती वर्तमानपत्रावर थराथराने रिकामी करायची. तळाशी सकाळी तासलेल्या पेन्सिलीचा भुसा, मध्ये डब्याच्या सुट्टीतली केळ्याची सालं, वर शेवटच्या तासाला फाडलेली वहीची पानं. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. पुरातत्त्वाचा पाया असलेला स्तरांचा नियम शून्य रुपयांत शिकवून होतो. मग कुणीतरी मुद्दाम टोपली ढवळून ठेवतो, आणि उंदीर-घुशींनी, नांगराने, विहिरी खणणाऱ्यांनी स्तर कसे बिघडतात याचाही धडा होतो. याउलट वाळूच्या ट्रेमध्ये मणी लपवून मुलांना शोधायला लावण्याचा उपक्रम मला तितकासा पटत नाही. चौकटी आखल्या नाहीत, कोणती वस्तू कुठे, किती खोलीवर मिळाली याची नोंद केली नाही, तर मूल फक्त गुप्तधन शोधायला शिकतं. त्यात आपल्याकडे आधीच पुष्कळ लोक तरबेज आहेत.

सगळ्यांत जास्त फळ देणारा उपक्रम मुद्रेचा. साहित्य घरचंच : साबणाची वडी, दाभण, गणपतीच्या दिवसांतली उरलेली शाडू. सिंधूच्या मुद्रा मऊ अशा शंखजिऱ्याच्या दगडात कोरून भाजून कठीण केलेल्या, बहुतेक चौकोनी, दोन-चार सेंटिमीटरच्या. मुलांना सांगायचं : आपलं नाव आणि एक प्राणी कोर, मग ओल्या मातीवर ठसा उठव. निम्म्याहून अधिक वर्गाचं नाव उलटं उमटतं. उलटं कोरलं तरच सुलटं उठतं हे कळेपर्यंत वडीचा चुरा होतो, पण कळतं ते कायमचं.

याच उपक्रमात आणखी एक शोध दडलेला आहे. लांब नावाच्या मुलीला शेवटची अक्षरं बसवायला जागा पुरत नाही. ठशावर अक्षरं उजव्या टोकाला दाटीवाटीने येतात, एखादा काना खाली घसरतो. त्या ठशाकडे बोट दाखवून विचारावं : ही लिपी वाचता येत नसती, तरी ती कुठून कुठे लिहिली ते सांगता आलं असतं का? आलं असतं, कारण गर्दी शेवटी होते. सिंधूच्या कित्येक ठशांवर अशी दाटी डाव्या कडेला होते. कालीबंगनच्या एका खापरावर तर एक खूण दुसरीवर चढलेली दिसते आणि आधी उजवीकडची कोरली गेली हे कळतं. तज्ज्ञांनी ही लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जात असे असं ठरवलं, ते अशाच पुराव्यावरून. लिपी मात्र अजून वाचता आलेली नाही. खुणा चारशेच्या आसपास, मजकूर सरासरी पाचेक खुणांचा, आणि दोन भाषांत लिहिलेला एकही लेख हाती नाही. इरावथम महादेवन यांनी १९७७ साली या सगळ्या लेखांची सूची प्रसिद्ध केली, फिनलंडच्या आस्को पारपोला यांनी आयुष्य घातलं. वाचल्याचे दावे वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. अकरा वर्षांच्या मुलाला ‘हे अजून कुणालाच वाचता आलेलं नाही’ असं सांगितलं की त्याच्या डोळ्यांत जी चमक येते, ती ‘हडप्पा संस्कृतीची पाच वैशिष्ट्ये लिहा’ने येत नाही.

विटा आणि वजनं ही गणिताच्या बाईंना सोबत घेऊन करायची गोष्ट. प्रगत काळातल्या सिंधू विटेची जाडी, रुंदी आणि लांबी १ : २ : ४ या प्रमाणात असते. काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या अशा शंभरेक विटा पाडून त्यांची भिंत कोपऱ्यासकट रचायला द्यावी. दोन रुंद्यांची एक लांबी होते म्हणून सांध्यावर सांधा येत नाही आणि कोपरा आपोआप गुंफला जातो. दुसऱ्या गटाला मुद्दाम वेड्यावाकड्या प्रमाणाच्या विटा द्याव्यात आणि दोन्ही भिंतींना धक्का मारून बघावा. वजनांचं तसंच. चर्ट दगडाची घनाकार वजनं १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढतात. सोळापट वजन सुमारे १३.७ ग्रॅमचं आणि तेच सर्वांत जास्त सापडतं. तराजू आणि अशी पाच वजनं दिली तर १ ते ३१ पर्यंतचा प्रत्येक भार मोजता येतो, हे मुलं स्वतः शोधतात. मोहेंजोदडोपासून लोथलपर्यंत वजन एकच, म्हणजे माप ठरवणारं आणि ते पाळायला लावणारं कुणीतरी होतं. ते कोण, याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, कारण राजवाडा म्हणून बोट दाखवावं अशी इमारतच सापडलेली नाही.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना मातीकाम शिकवावं लागत नाही. बुरुज, दरवाजा, तळं, वाट हे त्यांच्या हातात असतंच. त्याच मातीत एखाद्या वर्षी धोलावीरा करून बघायला हरकत नाही. कच्छच्या रणातल्या बेटावर, दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये वसलेलं हे शहर तटाला लागून असलेल्या मोठमोठ्या तलावांवर जगलं. २०२१ साली ते जागतिक वारसा यादीत आलं. उतार चुकला तर तलाव भरत नाही, हे झारीने पाणी घालताना कळतं.

मेसोपोटेमियाचा धडा आपल्याकडे दोन नद्या आणि हम्मुराबी एवढ्यावर संपतो. खरं तर वर्गात करायला याहून सोपी संस्कृती नाही. ओल्या मातीची वडी आणि टोक तिरकं कापलेली आइस्क्रीमची काडी घेतली की कीलाकार लिपीचे ठसे उठतात. सुमेरच्या शाळांतल्या सरावाच्या गोल वड्या सापडल्या आहेत : गुरूने लिहायचं, शिष्याने तेच गिरवायचं. काही वड्यांवरचं शिष्याचं अक्षर इतकं गचाळ आहे की चार हजार वर्षांनंतरही कीव येते. मुलांना हे फार आवडतं.

त्याहून आवडते ती इया-नासिरची तक्रार. ख्रिस्तपूर्व १७५०च्या सुमारास ऊर शहरात तांब्याचा व्यापार करणाऱ्या या इया-नासिरला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने मातीच्या वडीवर चिडून पत्र लिहिलं : कबूल केलेला माल दिला नाहीस, माझ्या माणसाला हिणवून परत पाठवलंस. वडी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वर्गाने इया-नासिरचं उत्तर लिहायचं, मातीवर, मोजक्या शब्दांत, कारण माती वाळत असते. आणि मग नकाशा उघडायचा. हा व्यापार दिल्मूनशी, म्हणजे आजच्या बहरीनच्या बाजूशी होता. त्याच्याही काही शतकं आधी अक्कडचा सार्गोन आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजं लागतात अशी फुशारकी मारत होता, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहाच्या भाषेचा दुभाषा शू-इलिशू याची मुद्राही मिळाली आहे. पाठ्यपुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत कोंडलेल्या संस्कृती एकमेकींशी बोलू लागतात, त्या इथे.

इजिप्तबद्दल थोडक्यात. अमेरिकी शाळांत अख्खी कोंबडी मिठात मुरवून तिची ममी करण्याचा प्रकल्प लोकप्रिय आहे. आपल्याकडे सफरचंदाच्या फोडी, मीठ आणि खायचा सोडा यांवर भागतं. रोज वजन करून आलेख काढला की नॅट्रॉन क्षार शरीरातलं पाणी कसं ओढून घेत असे हे दिसतं. विज्ञान म्हणून उत्तम. पण इजिप्त म्हणजे फक्त मेलेले राजे असा ग्रह त्याने घट्ट होतो. म्हणून मी मेररची बाजू घेईन. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पिअर तालेत यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. खुफूच्या काळात तूराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेने गिझाला नेणाऱ्या टोळीचा मुकादम मेरर, त्याची ही रोजनिशी : आज दगड भरला, आज मुक्काम, आज पोचलो. थोरल्या पिरॅमिडचे सुमारे २३ लाख दगड २० वर्षांत बसवायचे तर रोज किती, हे गणित करून (दिवसाला ३१५, दहा तासांचं काम धरलं तर दोन मिनिटांना एक) मेररच्या टोळीचं महिनाभराचं वेळापत्रक मुलांनी आखावं. भाकरी किती लागतील तेही काढावं. परग्रहवासीयांनी पिरॅमिड बांधले, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान या गणितापुढे आपोआप फिकं पडतं.

आता घराजवळचं, कारण महाराष्ट्रातल्या शाळांना मोहेंजोदडो आणि मेम्फिसच्या आधी इनामगाव लागतं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही नावं त्याच्याशी जोडलेली. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं शेतकरी इथे राहिले आणि त्यांची शंभराहून अधिक घरं उजेडात आली. प्रकल्पासाठी याहून चांगला मसाला कुठल्या परदेशी संचात मिळायचा नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने तिथे सापडलेल्या पाच खोल्यांच्या घराचा आराखडा पायांनी मोजून आखावा, शेजारी धान्याचं कोठार. उरलेली घरं लहान. मुलांना विचारावं, मोठ्या घरात कोण राहत असेल? ‘पाटील’ हे उत्तर हमखास येतं, आणि ढवळीकरांचा अंदाजही गावप्रमुखाचाच होता. मग विचारावं, कशावरून? कोठार शेजारी आहे म्हणून तो धनी, की कोठार गावाचं आणि तो राखणदार? दुसऱ्या दिवशी ती रेघ पुसून लहान गोल झोपड्या आखाव्यात. ख्रिस्तपूर्व १०००नंतर इनामगावात चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला आणि शेती बसली, असं ढवळीकरांचं स्पष्टीकरण. शिरूरच्या मुलांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही.

इनामगावची दफनं वर्गात आणावीत का, यावर शिक्षकांत दुमत असतं. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मी म्हणेन, आणावं, सातवीच्या पुढे आणि चित्र न दाखवता. आईबापांनी मुलाला दूर न्यायचं टाळलं असेल का, गेलेला माणूस उठून चालू लागेल अशी भीती असेल का, यावर मुलं मोठ्यांपेक्षा समंजसपणे बोलतात.

दायमाबादलाही असंच वर्गात आणता येईल. प्रवरेकाठच्या या गावात १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या : बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त. एवढा धातू या भागात कुठून आला, वस्तू नक्की कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासकांचा वाद झाला, कारण त्या शास्त्रोक्त उत्खननात, स्तरासकट मिळाल्या नव्हत्या. केराच्या टोपलीचा धडा इथे परत उपयोगी पडतो.

मराठवाड्यातल्या शाळांनी तेरकडे वळावं. ‘पेरिप्लस’ या प्राचीन सागरी प्रवासवर्णनाच्या अज्ञात ग्रीक लेखकाने पैठण हे भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे तेर, तिथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर सांगितलं आहे. बैलगाडी दिवसाला किती जाते हे आजोबांना विचारायचं आणि नकाशावर अंतर ताडून बघायचं. तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. उलट दिशेने आलेला ब्राँझचा पोसायडन कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत निघाला. गावाजवळ पांढरीची टेकाडं असलेल्या शाळांत मुलं खापरं खिशात घालून आणतात. त्यांना रागावू नये, पण खापर उचलण्याआधी फोटो आणि जागेची नोंद, आणि खणायचं मुळीच नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. त्याला कायदाही आडवा येतो.

शिक्षकांची खरी पंचाईत वेगळीच असते. प्राचीन काळ हा आजच्या भांडणांचा आखाडा झाला आहे. कॅलिफोर्नियात सहावीला प्राचीन संस्कृती शिकवतात. २००५-०६ साली तिथल्या पुस्तकांतल्या प्राचीन भारताच्या मजकुरावरून पालकांच्या संघटना आणि प्राध्यापक यांच्यात जुंपली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. इकडे एनसीईआरटीच्या २०२४च्या सहावीच्या पुस्तकात ‘सिंधू-सरस्वती’ असा शब्दप्रयोग आला आणि वाद नव्याने पेटला. चाळीस मुलांच्या वर्गात एखादी बाई यात काय करणार? पुरावा टेबलावर ठेवणार : नदीचं कोरडं पात्र, वसाहतींचे ठिपके असलेला नकाशा, कोणत्या ठिपक्याचा काळ कोणता. निकाल मुलांनी द्यायची घाई नाही. मात्र सगळ्याच गोष्टी नाटकात आणाव्यात असंही नाही. दास, अस्पृश्य, युद्धकैदी यांच्या भूमिका वर्गात वाटू नयेत. त्या नेमक्या ज्याच्या वाट्याला येतात, त्याला पुढे वर्षभर तेच नाव चिकटतं.

गुणांचं काय, हा प्रश्न शिक्षक शेवटी विचारतातच. आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रम दोन्ही आहेत, त्यामुळे नियम आड येत नाहीत. आड येते ती मांडणीला गुण देण्याची सवय. फुटलेली टाकी, उलटा उमटलेला ठसा आणि पडलेली भिंत यांचे फोटो वहीत लावायला सांगावेत, प्रत्येकाखाली काय बिघडलं ते दोन ओळींत. आणि वहीचं शेवटचं पान ‘अजून कळलं नाही’ या मथळ्याचं. त्याला पाच गुण ठेवावेत आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या पानावरचा विचारावा. ते पान पालकांना मुलांऐवजी लिहून देता येत नाही.